नकाशावरच्या टिकल्या

झुंबरबाईंच्या पत्राला चुडामण नानांनी अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर सुटले असते. पण सारी नोकरी ग्रंथालयात झालेल्या माणसाकडून कागद हरवत नाही. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलेलं होतं, आणि तेव्हापासून कितीही शब्द अडले तरी नानांनी तो खंड उघडला नव्हता.

पत्र नरडाण्याहून आलेलं. झुंबरबाई तिथे लेकीकडे राहायला गेल्या होत्या. नातीनं लिहून दिलं होतं, पण बोलणं त्यांचंच होतं. 'नाना, मी त्या दिवशी सांगं ते तुम्ही लिखं का? लिखं व्हई तर मना जीवले घोर नही. नही लिखं व्हई तर आते लिखा.'

तो दिवस दोन वर्षांपूर्वीचा. धुळ्यातल्या खारी गल्लीमागे पडीक जमीन होती. ती कशी हवी ते गल्लीनंच ठरवावं, असं महापालिकेनं कळवलं. भूपेंद्र नावाचा तरुण वास्तुरचनाकार आला. मूळचा पाचोऱ्याचा, गोड बोलणारा. मंदिराच्या सभामंडपात त्यानं सतरंजीएवढा नकाशा पसरला आणि म्हणाला, "तुम्ही सगळे जिथे जमता तिथे एकेक ठिपका चिकटवा." ठिपके अर्ध्यातच संपले. मग गल्लीतल्या रूपानं आपल्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. बायका हसत हसत उठल्या आणि सगळ्यांनी एकाच जागी टिकल्या लावल्या. त्रेचाळीस टिकल्या. नकाशाला जणू गोवर उठला.

अक्षर चांगलं म्हणून टिपणं घ्यायचं काम नानांकडे. झुंबरबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, ती बसानी जागा नही. तठे आम्ही कानबाई बोळवतस. नाला वरतीन बुजना, खालतीन नही. आठे ऊन ऱ्हास तरी मांगथीन पानी येस. सरावनमा येस. लिखी ल्या."

देवीच्या बोळवणीची जागा, वरून बुजलेला पण आतून वाहता नाला, इथे ऊन असलं तरी श्रावणात मागून येणारं पाणी, सगळं नानांनी पेन्सिलीनं वहीत लिहिलं, अगदी त्यांच्याच शब्दांत. पण घरी अहवालाची स्वच्छ प्रत करताना त्यांचा हात थांबला. छापील तक्त्यात चारच रकाने होते आणि हे बोलणं कुठल्याच रकान्यात बसेना. शिकलेली माणसं वाचणार, हसतील. म्हातारीचं काहीतरी म्हणतील, आणि लिहिणाऱ्यालाही त्यातच धरतील. त्यांनी तक्त्यात लिहिलं : 'महिलांची एकत्र येण्याची जागा.' खाली सही केली.

जागा मात्र देखणी झाली, हे नानाही नाकारत नव्हते. टिकल्या होत्या तिथे खोलगट चौक, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, वरून निंबाची सावली. दुपारी बायका तिथे मेथी निवडत, मुली अभ्यास करत. आयुष्यात कुणाच्या ओट्यावर न बसलेले नानाही संध्याकाळी सगळ्यात वरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसू लागले होते. तळाशी मधोमध एक लोखंडी जाळी होती, पाणी निचरायला.

यंदाच्या श्रावणात एका बुधवारी त्यांना खालची पायरी ओली दिसली. धुळ्यात दहा दिवस पावसाचा टिपूस नव्हता. गुरुवारी दुसरी पायरी ओली. शुक्रवारी सकाळी तिसऱ्या पायरीच्या फटीतून मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून वर चालल्या होत्या. नाना जाळीजवळ वाकले. आतून थंड हवा येत होती, थांबून थांबून, झोपलेल्या जनावराचा श्वास यावा तशी.

"नाना, काय हरवलं?" वरून कोकिळा अक्कांनी विचारलं. श्रावणात रविवारी गल्लीची कानबाई त्यांच्या घरी बसायची, सोमवारी तिची बोळवण व्हायची. त्या दोन मुलींना घेऊन दोरीनं चौक मोजत होत्या. "यंदा सोमवारी बोळवणीआधी कानबाई खाली मधोमध ठेवायची. बठ्ठ्या बाया मावतील. आजवर गल्लीत नुसत्या चेंगरायच्या."

"खाली ओल आहे, अक्का."

"ओल तुमच्या पुस्तकांना बाधते. आम्हाले काय व्हतं?"

मुली हसल्या. नानाही हसले आणि घरी आले. घरी आल्यावर त्यांना स्वतःच्या हसण्याची भीती वाटली.

दुपारी ते भूपेंद्रच्या कार्यालयात गेले. खालून नाल्याचं पाणी येतंय, सोमवारी चौक बंद ठेवता येईल का, एवढं वाक्य बोलायला त्यांना दोन पेले पाणी लागलं.

"नाना, तो नाला कधीचाच बुजलाय," भूपेंद्र म्हणाला. "आणि तिथे पाणी येतं असं बैठकीत कुणी म्हणालंच नाही. अहवाल तुमच्याच अक्षरातला आहे, दाखवू? लोकांनी मागितलेली जागा सणाच्या दिवशी लोकांनाच बंद करू? वर काय सांगू, की नानांना वाटतं? लेखी काही असेल तर द्या."

नानांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते भूपेंद्रला कळलं नसावं.

शनिवारी उजाडताच नाना चौकात जाऊन आले. चौथी पायरी काळी पडली होती. रोज तिथे झोपणारं कुत्रं रस्त्यापलीकडे बसून चौकाकडे बघत होतं. ऊन लख्ख पडलं होतं.

घरी येऊन त्यांनी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. मग जुनी वही. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता येत होती. पहिले दोन कागद त्यांनी फाडले, कारण त्यांत स्वतःबद्दलच फार होतं. तिसऱ्यावर लिहिलं :

'झुंबरबाई, तुम्ही विचारलं त्याचं उत्तर, नाही. तुम्ही सांगितलं ते मी वहीत घेतलं होतं, अहवालात घातलं नाही. मला लाज वाटली. चूक बायकांची नाही, नकाशा करणाऱ्यांचीही नाही. माझी आहे. आज ओल चौथ्या पायरीला आहे. वहीचं पान सोबत जोडलं आहे.'

पत्र आणि वहीचं पान, दोन्हींच्या छायाप्रती घेऊन ते भूपेंद्रच्या घरी गेले. त्यानं दारातच वाचलं, मग पेन्सिलीचं पान पुन्हा वाचलं.

"नाना, हे तुमच्यावर शेकेल. सही तुमची आहे."

"माझीच आहे. तुम्ही लेखी मागितलं होतं."

भूपेंद्रनं चप्पल अडकवली. दोघं चौकात पोहोचले तेव्हा कोकिळा अक्का वरच्या पायरीवर रांगोळीचा डबा घेऊन उभ्या होत्या. मुलींना त्यांनी मागे धरलं होतं. पाचवी पायरी दिसत नव्हती. जाळीवरचं पाणी आवाज न करता गोल फिरत होतं. भूपेंद्र फोनवर चौक बंद करायला साखळ्या आणि माणसं मागवू लागला. त्याचा आवाज चिरकत होता.

"कोणले माहीत व्हतं हाई?" अक्का म्हणाल्या.

"झुंबरबाईंना," नाना म्हणाले. "मलाही."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. यावेळी थट्टा केली नाही. "मग कानबाई वर, निंबाखाली ठेवू," एवढंच म्हणाल्या आणि मुलींना घेऊन पायऱ्यांपासून लांब झाल्या.

पोस्ट बंद व्हायला थोडाच वेळ होता. खिडकीपाशी नानांनी पाकिटावरचा नरडाण्याचा पत्ता पुन्हा एकदा वाचला, आत वहीचं पान आहे ना ते चाचपून पाहिलं आणि पाकीट आत सरकवलं. पलीकडून शिक्का मारल्याचा आवाज आला.