पाण्यातली वाटी

हे सगळं घडलं दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात. रायपूरला तेव्हा सकाळी आठ वाजताच उघड्या पायरीवर पाय ठेववत नव्हता. माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं, म्हणून रोज सहाला मी सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये उतरत असे. कठड्याला एक हात, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालणं.

पूल दयाराम सांभाळायचा. अभनपूरकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पहाटे पाचपासून संध्याकाळी पाचपर्यंत पंप हळू फिरायचा. दुपारी एक तास तो जोरात लावायचा, तेव्हा तळ झाडून घ्यायचा. बारा तास म्हटलं की आकडा मोठा वाटतो. पण वेग अर्धा केला की वीज निम्म्याहून कितीतरी कमी लागते, हे पंप बसवणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं आणि त्यानं ते लक्षात ठेवलं होतं.

मला ते कुणी सांगायला नको होतं. माझे यजमान गंगाधर सत्तावीस वर्षं रेल्वेच्या पंपघरात होते आणि आमचं क्वार्टर पंपघराला लागूनच होतं. पंपाचा आवाज बदलला की मी तव्यावरची पोळी सोडून बाहेर यायची. हे म्हणायचे, "पाणी वाळूतून सावकाश गेलं पाहिजे. चहा गाळणीत भसकन ओतला तर पत्ती खाली येतेच." रोज सकाळी ते गाळलेल्या पाण्याच्या टाकीत दोरी बांधलेली पितळेची वाटी सोडत. तळाशी वाटी दिसली तरच पाणी कॉलनीला जायचं. नाही दिसली, तर साहेबाचा फोन आला तरी व्हॉल्व्ह उघडत नसत.

निरंजन त्यांचाच मुलगा. इंजिनिअर, आणि त्या वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी.

तीन मेला सकाळी मी पाण्यात उतरले, तर पंप गप्प.

"पंप काहून बंद, दयाराम?"

"साहेब बदल दिस, अम्मा. नौ ले बारा, फुल स्पीड. ताला घलो लगा दिस."

साहेब म्हणजे निरंजन. त्यानं वेळ बदलून नऊ ते बारा केली होती आणि वर ताला लावला होता, म्हणजे पंपाच्या पॅनलवर चार आकडी पासवर्ड. मी ओल्या केसांनीच घरी आले. निरंजन बूट घालत होता.

"अरे, तीन तासांत सारं पाणी फिरते काय? बारा तास हळूच चालू दे."

"आई, बारा घंटे मोटर कौन चलाता है? तीन घंटे फुल, काम खत्म. आप अपना वॉक करो ना."

"तुह्या बापानं जन्मभर पंपच चालवला."

"वो कोयले के ज़माने का पंप था," असं म्हणून तो हसला. त्या हसण्याचा राग माझ्या पोटात अजून आहे.

क्लोरीनची नळी पंपालाच जोडलेली. पंप चालेल तेवढंच औषध पाण्यात जाणार. चार दिवसांत पाणी दुधाळ झालं, आठव्या दिवशी हिरवं. दयारामनं निरंजनला दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या यामिनीच्या सहा वर्षांच्या शर्मिष्ठाचे डोळे लाल होऊन चिकटले, आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली: पूल ऑपरेटरचा हलगर्जीपणा. सही निरंजनची. स्टोअरमध्ये क्लोरीनचे डबे भरलेले सापडले, म्हणजे दयारामनं औषध टाकलंच नाही, असा त्याचा हिशेब. दयारामला कामावरून काढायला रविवारी सकाळी पुलापाशी मीटिंग ठेवली.

मी कपाटातून यांची वाटी काढली आणि पदराखाली धरून खाली गेले.

यामिनी दयारामच्या अंगावर ओरडत होती. "माह्या पोट्टीचे डोळे गेले असते म्हणजे? झोपा काढून राहिला होता काय तू इथं?"

दयारामनं एकदा निरंजनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली. माझ्यासमोर तो माझ्या मुलाचं नाव घेणार नव्हता.

"डब्बे भरे पड़े हैं," निरंजन म्हणाला. "कामचोरी है, और क्या!"

मी पुढे झाले आणि वाटी पाण्यात टाकली. साडेतीन फूटच पाणी, पण वाटी हातभर खाली जाऊन नाहीशी झाली.

"दिसते काय कोणाले?"

दोघं-तिघं कठड्यावरून वाकले आणि मागे सरले.

"निरंजन, पॅनल उघड. पंप किती वाजता लागते, ते साऱ्यांसमोर वाच."

"आई, घर चलो. घर की बात घर में..."

"हा पूल तुह्या घरचा आहे काय?"

"पासवर्ड याद नहीं अभी."

माझं पोर साऱ्या सोसायटीसमोर खोटं बोललं. मी स्वतःच पॅनलपाशी गेले आणि चार बटणं दाबली: एक, एक, सात, चार. आमच्या रेल्वे क्वार्टरचा नंबर. तो सगळीकडे हाच पासवर्ड ठेवतो. पडदा उजळला. यामिनीनं वाकून मोठ्यानं वाचलं, "नऊ ते बारा, फुल स्पीड. शेवटचा बदल दोन मे. सेक्रेटरी."

"क्वार्टरचा नंबर पाठ आहे तुले," मी म्हणाले. "त्या क्वार्टरात शिकलेलं काहीच नाही. माफी माग त्याची."

निरंजननं मोबाइलमध्ये पाहत म्हटलं, "सॉरी, हो गया यार."

दयारामनं शांतपणे पंप पुन्हा पाच ते पाच, हळू वेगावर लावला. मग स्टोअरच्या चाव्या कठड्यावर ठेवल्या आणि गमछा खांद्यावर टाकला. "जावत हंव, अम्मा." मी थांबवलं, तरी थांबला नाही.

पाणी सहा दिवसांत निवळलं. तळाशी वाटी दिसली, तेव्हा मीच ती काढली. दयाराम भनपुरीच्या एका कारखान्यात पाण्याच्या प्लांटवर लागला. दिवाळीला येतो, माझ्या हातची चकली खातो, पुलाकडे बघत नाही. शर्मिष्ठाचे डोळे बरे झाले आणि आता ती मासोळीसारखी पोहते. यामिनीनं दयारामला फोन करून माफी मागितली. ते तिला जमलं.

मी अजूनही सहाला उतरते. आधी वाटी सोडते. दिसली नाही, तर कुणालाच पाण्यात जाऊ देत नाही.

निरंजननं सेक्रेटरीपद सोडलं आणि वर्षभरात बदली मागून बायकोसह बंगळूरला गेला. रविवारी फोन करतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. दयारामचं नाव काढलं की नेटवर्क जातं. सून पूर्णिमा सांगत होती, त्यानं सगळीकडचा पासवर्ड बदलला. नवा मला माहीत नाही.