मालतीच्या हाताला जड झालेले धनुष्य

मी एक जुने धनुष्य आहे. मित्रांनो, जुने म्हटले की तुम्हांला एखाद्या राजाचे, लढाईत गाजलेले असे काहीतरी वाटेल. तसले माझे काही नाही. मला जेमतेम सहा वर्षे झाली आहेत, आणि त्यांतली चार मी गोव्यातल्या चोपडे गावी एका पडवीत खुंटीला टांगून काढली. माणसाला बसून गंज चढतो म्हणतात. मी तर बांबूचे.

माझा जन्म मये गावचा. तिथले शिवदास मेस्त दारे-खिडक्या करतात आणि उरलेल्या वेळात धनुष्ये करतात. बांबू माणगा जातीचा, आतून भरीव. तोही कृष्णपक्षातच तोडायचा, म्हणजे भुंगा लागत नाही, असा त्यांचा नेम. वर्षभर सावलीत वाळवून त्यांनी माझ्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवल्या आणि रंधा मारत मला आकार दिला. शेवटी माझ्या पोटावर, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूवर, पेन्सिलीने लिहिले, ‘पंचेचाळीस पौंड’. म्हणजे मला पूर्ण ओढायचे तर वीस किलो तांदळाची पिशवी तीन बोटांत धरून उचलण्याइतका जोर हवा. माझ्या शेजारी एक सडपातळ धनुष्य टांगलेले होते. त्याच्यावर ‘बावीस’ लिहिले होते. मी त्याला मनातल्या मनात हसत असे. तेव्हा अक्कल कमी होती.

एके दिवशी गोकुळदास आला. तो मोपाच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. त्याची बायको मालती दोन महिने दर रविवारी सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, धनुष्यबाण शिकायला जात होती, तेही दुसऱ्याचे धनुष्य मागून. तिला स्वतःचे धनुष्य द्यावे, अशी त्याची इच्छा. इच्छा चांगलीच होती. या गोष्टीत वाईट माणूस कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शिवदास म्हणाले, “तुझ्या बायलेक घेऊन यो. धनू जेचां, तेनांच ओढून बघूक जाय.”

“तिका सांगूचां नाय. एकदम हातात दिवचां,” गोकुळदास म्हणाला. मग त्याने ते बावीसचे धनुष्य कानापर्यंत ओढले आणि तोंड वाकडे केले. “ह्यां तां पोरांचां.” नंतर मला ओढले. रोज पेट्या उचलणारे हात ते! मी त्याला सहज वाकले. शिवदासांनी नकारार्थी मान हलवली, पण गिऱ्हाइकापुढे किती बोलणार?

घरी जाण्याआधी तो मला गावच्या देवळात घेऊन गेला. आमच्याकडे नवी वस्तू आली की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. हे गाऱ्हाणे म्हणजे तक्रार नव्हे, देवाला केलेली विनवणी. पुजारी मोठ्याने म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ह्यां धनुष्य तुझ्या लेकरान मालतीसाठी हाडलां, तां तिच्याच हातीं ऱ्हांव दी!” आणि गोकुळदास म्हणाला, “व्हय म्हाराजा!” नारळ फुटला. त्या क्षणी मी मालतीचे झाले, आणि मालतीने मला अजून पाहिलेही नव्हते.

तिला किती आनंद झाला म्हणून सांगू! तिने माझ्यासाठी जुन्या साडीची पिशवी शिवली. रविवारी सड्यावर गेल्यावर तिने दोरी चढवली, बाण लावला आणि मला ओढले. दोरी हनुवटीपर्यंत यायला हवी. ती छातीपाशीच अडली. तिचा उजवा खांदा कानाला टेकला, कोपर थरथरू लागले. मला सगळे कळत होते. तिच्या खांद्यातली प्रत्येक शीर माझ्या दोरीला लागून होती. पण कळून करते काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

त्या खांद्यावरच मालतीचे पोट होते. ती बचत गटातल्या बायकांबरोबर शाळेतल्या मुलांचे दुपारचे जेवण करते. पावाबरोबरची पातळ भाजी मोठ्या टोपात ढवळायचे काम तिचे. तो डाव दोन हातांनी फिरवावा लागतो. शाळेतून सड्यावर येऊन ती मला ओढत राहिली. दुखले की म्हणायची, “सवय होतली.”

पुढच्या महिन्यात शिवदास सड्यावर आले. त्यांनी एकच बाण पाहिला आणि म्हणाले, “ह्यां माका परत दी गो. हलक्यां घे.”

मालतीने सोबत आलेल्या नवऱ्याकडे पाहिले. तो खाली बघून म्हणाला, “मेस्तानु, गाऱ्हाणां घालून झालां. देवाक सांगितलेली वस्तू परत कशी दिवची?”

“मगे पोटाकडसून थोडां तासतंय. जोर कमी होतलो.”

“देवाच्या पायाकडली वस्तू. तिका रंधो लावचो?”

शिवदास स्वतः भाविक माणूस. त्यांनी पिशवीतून काढलेला रंधा परत आत घातला. मी मात्र आतून ओरडत होते, तासा मला. एवढेसे पोट तासायला किती वेळ लागतो? देव रागावला नसता, मित्रांनो. देवाने माझे वजन विचारलेच नव्हते.

दसऱ्याच्या दिवशी सड्यावर सगळ्यांची छोटी स्पर्धा होती. मालतीने त्या दिवशी मला पहिल्यांदा पूर्ण ओढले. दोरी हनुवटीला लागली, आणि त्याच वेळी तिच्या खांद्यात काहीतरी तुटल्याचे मला जाणवले. बाण मात्र नेमका मधोमध बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालती हसली आणि तिने मला डाव्या हाताने हळूच जमिनीवर ठेवले. उजवा हात तिला उचलताच येईना. टाळ्या चालूच होत्या.

तो खांदा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टर झाले, तेले झाली, शेक झाले. आता टोप दुसऱ्या बायका ढवळतात, ती खाली बसून कांदे चिरते. स्वतःचा अंबाडाही तिला बांधता येत नाही. आणि कोणी विचारले की ती सांगते, “धनुष्य बरां आसा. मीच कमी पडलंय.” हे वाक्य मी चार वर्षे ऐकत आले आहे. दर महिन्याला ती डाव्या हाताने मला खोबरेल लावते, दोरी उतरवून ठेवते, ओल लागू देत नाही. माझी काळजी तिने कधी चुकवली नाही. तिच्या हाताची काळजी मात्र तिच्यासकट कोणीच केली नाही.

गेल्या आठवड्यात डिचोलीहून तिच्या बहिणीची मुलगी दीपा आली. एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकते. हात म्हणाल तर शेवग्याच्या शेंगा. मालतीने मला साडीच्या पिशवीतून काढून तिच्या हातात दिले आणि म्हणाली, “माझ्या हातान जावक नाय तां तू कर.” किती मायेने म्हणाली! रविवारी दीपाने मला ओढले. दोरी छातीपाशी अडली. तिचा खांदा वर चढला, कोपर थरथरले.

“मावशे, जड आसा गो.”

“सवय होतली,” मालती म्हणाली.

मित्रांनो, सवय होत नाही. धनुष्य घ्यायचे तर आपला हात आधी बघावा, दुसऱ्याची हौस नंतर. हलके धनुष्य घेण्यात कसलाही कमीपणा नाही, हे मी, पंचेचाळीस पौंडांचे धनुष्य, तुम्हांला सांगते आहे. पण मी सांगून काय उपयोग? मला तोंड नाही. तुम्हांला आहे. पुढच्या रविवारच्या आधी कोणीतरी चोपड्याला जा आणि दीपाला एवढेच सांगा, की तुझी मावशी कमी पडली नव्हती.