पाच, सात, नऊ, नऊ

तीन वाजून गेले तरी उत्तर आलं नाही, तेव्हा काटेवाल्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. दोन मिनिटांनी पुन्हा सुलटा केला.

बाहेर वजनकाट्याच्या लोखंडी पाट्यावर सळयांनी भरलेला ट्रक उभा होता. रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन, वजाबाकी, पावती. सत्तावीस वर्षं हेच काम, आणि आज त्यांनी दोन्ही वजनांची अदलाबदल करून पावती खिडकीतून बाहेर दिली. ड्रायव्हरने ती वाचली आणि खिडकीत डोकं घातलं.

"काका, माल भरून माझी गाडी हलकी झाली की काय?"

काटेवाल्यांनी मुकाट्याने दुसरी पावती केली. एरवी कुणी चूक दाखवली की ते त्यालाच चार गोष्टी सुनवायचे. आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

चित्त होतं मुलीच्या उत्तराकडे. मुलगी सात-आठ वर्षांची असताना शाळा सुटली की इथे केबिनमध्ये येऊन बसायची आणि डोक्याशी भुणभुण लावायची. तिला गप्प बसवायला त्यांनी एक खेळ काढला. ट्रकच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे घ्यायचे, हवे तसे मागेपुढे करायचे, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काय वाटेल ते करायचं, पण प्रत्येक आकडा एकदाच वापरून दहा करून दाखवायचे. मुलगी गप्प तर बसली नाहीच, उलट बापालाच भंडावून सोडायला लागली. खेळाला नियम एकच होता. नंबर ज्याने द्यायचा, त्याने तो आधी स्वतः सोडवलेला हवा. काही नंबर मुळी सुटतच नाहीत आणि नुसतं बघून ते कळत नाही. असला नंबर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही.

आता ती दुसऱ्या गावी नर्स होती, आणि चार वर्षांत बापाशी एक शब्द बोलली नव्हती. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू असताना आई अंथरुणाला खिळली. मुलगी रोज फोनवर विचारायची आणि हे सांगायचे, आई बरी आहे, आत्ताच डोळा लागलाय, तू अभ्यास कर. शेवटचा पेपर देऊन ती घरी आली तेव्हा आई कुणाला ओळखत नव्हती. दोन दिवसांनी गेली. मुलीने आदळआपट केली नाही. बॅग भरून निघून गेली आणि नंतर फोन उचलेनाशी झाली. तिच्या भल्यासाठीच केलं, असं काटेवाले शेजाऱ्यांना सांगत राहिले. शेजाऱ्यांनी विचारलं नाही तरी सांगायचे.

दोन महिन्यांनी राहवेना, म्हणून एका दुपारी त्यांनी तिला नुसते चार आकडे पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आलं. कसे आहात नाही, जेवलात का नाही, कोरडं गणित. पण आलं. तेव्हापासून एक वाजता नंबर जायचा आणि दीडच्या आत उत्तर यायचं. बापलेकीत एवढंच उरलं होतं आणि तेवढ्यावर काटेवाल्यांचा दिवस निघायचा. आज तेही संपलं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

साडेचारला फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव होतं. त्यांनी तो इतक्या घाईने उचलला की चहाचा कप कलंडला.

"बाबा, तुम्हाला काय होतंय?"

"मला? काही नाही. का गं?"

"खरं सांगा. आजचा नंबर तुम्ही सोडवला होतात?"

"म्हणजे काय? सोडवल्याशिवाय पाठवतो का मी?"

"पाच, सात, नऊ, नऊ. जेवायची सुट्टी त्यात घालवली. सलाईन बदलतानाही डोक्यात तेच. सगळ्या बाजूंनी करून बघितलं, दहा होतच नाहीत. तुम्ही असा नंबर कधी देत नाही. हाताला मुंग्या येतात का? जीभ जड वाटते?"

त्यांनी टेबलावरचा कागद डोळ्यांजवळ नेला. पाच, सात, नऊ, आठ. फोनवर आठाच्या शेजारचा नऊ दाबला गेला होता. चष्मा वर्षभरापूर्वीच बदलायला हवा होता.

मुद्दाम दिला, तुझी गंमत बघत होतो, असं म्हणून अंग काढून घेता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. काहीतरी गोड सांगून वेळ मारून न्यायची त्यांना जुनी सवय होती.

"चुकलो," ते म्हणाले. "आठ होता, नऊ दाबला. हल्ली नीट दिसत नाही मला."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"आणि मला सांगणारही नव्हतात."

बाहेर पुढच्या ट्रकने हॉर्न दिला. काटेवाल्यांनी खिडकी लावून घेतली.

"आईच्या वेळीही मी चुकलो," ते म्हणाले. "तुला सांगायला हवं होतं."

तिकडे एक ट्रॉली खडखडत गेली.

"नर्स होत होते ना मी, बाबा? परीक्षा पुढच्या वर्षी दिली असती. तिच्या उशाशी तरी बसले असते."

"हो."

तिने नाक ओढलं, आणि मग शाळेत पाढे म्हणायची त्याच सुरात म्हणाली, "सात नि नऊ सोळा, भागिले आठ, दोन. पाच दुणे दहा. ठेवते."

सहाला शेवटची गाडी गेली. केबिनला कुलूप लावताना फोन वाजला. चार वर्षांत पहिल्यांदाच तिने आपणहून नंबर पाठवला होता: एक, एक, नऊ, नऊ. खाली लिहिलं होतं, "नाही सुटला तर रविवारी येऊन सांगते."

काटेवाले रिकाम्या पाट्याच्या कडेवर बसले. एकाला नवाने भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि सगळ्याला नवाने गुणायचं. फार तर तीन मिनिटं लागली असतील. मग ते फोन हातात धरून नुसते बसून राहिले. सुटला म्हणावं तर ती यायची नाही. नाही सुटला म्हणावं तर पुन्हा तेच झालं असतं, जे चार वर्षांपूर्वी केलं होतं.

अखेर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ नेला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, "सुटला. तरी ये."

पाठवण्याआधी त्यांनी ते दोनदा वाचून पाहिलं.