न लागणारी किल्ली

"माणसानं जगात दोनच गोष्टींवर भरवसा ठेवावा. एक आपली बुद्धी आणि दुसरं आपल्या दाराचं कुलूप."

हा सिद्धांत तक्रारसाहेबांनी जिन्यातल्या मांजराला ऐकवला. त्या वेळी ते बनियनवर, हातात रिकामा कचऱ्याचा डबा घेऊन, स्वतःच्याच बंद दाराबाहेर उभे होते. किल्ली कुलपात जात होती, फिरत मात्र नव्हती. मांजरालाही दोन्ही मुद्दे पटलेले दिसले नाहीत.

तक्रारसाहेब हे नाव लोकांनी दिलेलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. हल्ली त्यांच्याबद्दलच्याच तक्रारी वाढल्या होत्या. माणसांची नावं आठवत नाहीत, गॅस चालू राहतो, पारा उगाचच चढतो. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन, म्हणजे त्यांच्या खुर्चीपासून हातभर लांब नेऊन, सांगितलं होतं, "त्यांच्याशी वाद घालू नका. हो ला हो करायचं."

दार उघडलं. लेक अंघोळ अर्धवट टाकून आली होती.

"ही किल्ली आपली नाही," ते म्हणाले.

"हो बाबा, तुमचं बरोबर आहे. आत या, चहा टाकते."

"मग कुणाची आहे?"

"जुन्या कुलपाची असेल. बसा ना तुम्ही."

"म्हणजे माझी काढून घेतलीस आणि मला कळू नये म्हणून ही अडकवलीस. रडक्या पोराच्या हातात खुळखुळा देतात तशी."

"तुमचं बरोबर—"

"खबरदार." त्यांनी डबा खाली आपटला. "जन्मभर खिडकीत बसून मी हेच म्हणत आलोय. ज्याचं काम करायचं नसतं ना, त्याला हे म्हणायचं असतं. ज्याचं करायचं असतं त्याच्याशी आपण हुज्जत घालतो. घाल हुज्जत."

लेकीनं डॉक्टरांचा सल्ला क्षणभर आठवला आणि गुंडाळून ठेवला.

"घालते. मागच्या आठवड्यात दार सताड उघडं टाकून निघून गेलात. बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडलात. कंडक्टरला स्वतःचं नाव सांगता येईना तुम्हाला. मी घरातल्या चपलांवर सगळं गाव पालथं घातलं. किल्ली मिळणार नाही. चिडायचं तेवढं चिडा."

तक्रारसाहेब खुर्चीत टेकले. बसचा तो थांबा काही केल्या आठवेना. पण लेकीचा आवाज कित्येक दिवसांनी लेकीसारखा लागला होता.

"नको देऊस," ते म्हणाले. "पण घ्यायची तर माझ्या तोंडावर घ्यायची. मी भांडलो असतो आणि हरलोही असतो. ती लढाई तरी माझी होती. ही खुळखुळ्याची अक्कल कुणाची, डॉक्टरची?"

"माझी," लेक म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

"मग मी तुझ्यावर रागावलोय. आजारबिजार काही नाही, मी स्वतः रागावलोय."

"कळलं."

नखांनी बराच वेळ झटून त्यांनी ती किल्ली किल्ल्यांच्या कडीतून सोडवली आणि टेबलावर ठेवली. रिकामी कडी खिशात टाकली. लेकीनं चहा आणून समोर ठेवला, तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"एक काम कर," थोड्या वेळानं ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत हे माझ्या ध्यानातून गेलेलं असेल. चहा देताना तेवढी आठवण कर, मी तुझ्यावर रागावलोय म्हणून."