मांडवामागचा गळा

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. दाराआड उभ्या राहिलेल्या माउल्यांनो, तुम्ही आधी पुढे या. पांडुरंगाला हात जोडतो आणि एका गळ्याची गोष्ट सांगतो. गळा गोड आहे, गोष्ट गोड नाही. ऐकताना राग आला तर गिळू नका. मीही गिळणार नाही.

शहादा तालुक्यातलं म्हसावद. सकाळची वेळ. मगनच्या ओट्यावर त्याची धाकटी भावजय शीला गहू निवडत बसली होती. तिच्या रविनाचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. शेजारीच मगन मोबाइलवर अर्ज भरत होता. कलापथकांना अनुदान देण्याची योजना निघाली होती. आधी नोंदणी, मग परीक्षक घरी येऊन कला पाहणार, मग मंजुरी.

"पथक, हयदना गानासनं," मगन हळदीच्या गाण्यांचं पथक नोंदवताना मोठ्याने वाचत एकेक अक्षर दाबत होता. "मुख्य गायिका, शोभाबाई."

शोभाबाई म्हणजे मगनची बायको. ती आत चहा गाळत होती.

शीलाचा हात सुपातच थांबला. "दादा, ताईले तं दोन कडवा बी धड येत नहीत."

"मंग?"

"मन्हं नाव टाका ना."

मगन हसला. "नाव टाकं का फोटो टाकना पडस. हयदना पथकमा रांडमुंड बाईना फोटो! कोन बलाई आपले?"

"गळा चालस, फोटो चालत नही?"

आतून शोभाबाईचा आवाज आला, "व बाई, तुन्ही पोरनं लगीन कोन उभं करी ऱ्हायनं? तुन्हा जेठ. जरासं तोंड आवर."

शीलाने तोंड आवरलं. बारा वर्षं ती तेच करत आली होती.

बारा वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तिचा नवरा गेला, तेव्हा रविना आठ वर्षांची. त्याआधी पंचक्रोशीत हळद लागायची ती शीलाच्या गाण्यावर. नवरा गेला आणि एका दिवसात ती अपशकुनी झाली. पण लोकांना गळा तोच हवा होता! मग मगनने तोड काढली. स्पीकर आणले, पिकअप घेतली. मांडवाच्या मागे पिकअप उभी करायची, ताडपत्री सोडायची, आत शीला आणि माइक. मांडवात शोभाबाई आणि चार सवाशिणी बंद माइक तोंडाशी धरून ओठ हलवणार. विधवेची सावली नवरीवर पडायला नको, आवाज पडलेला चालतो. वा रे आमचा धर्म! देवाने तो गळा देताना कुंकू पाहिलं नव्हतं, मायबाप. आम्ही पाहिलं.

आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पथकातली धनुबाई तर पाणवठ्यावर खुशाल म्हणायची, "शोभाबाईना गळा ताडपत्रीमा ऱ्हास व, घर येवावर घोघरा व्हई जास!" बाया हसायच्या. हसून घरी जायच्या.

त्या सकाळी शीलाने आणखी एकच गोष्ट मागितली. आपल्याकडे हळदीच्या गाण्यात नातेवाइकांची नावं घेतात. पहिली हळद कोण लावणार, तर नवरीची आई; आणि तिथे आईचं नाव घ्यायचं.

"दादा, मी मांडवमा येत नही. अनुदान तुम्हीच ल्या. पन मन्ही पोरनी हयद शे. त्या कडवामा माय म्हनीसन मन्हं नाव लेऊ द्या."

"मायना मान सवाशिणना ऱ्हास," मगन म्हणाला. "त्या दिनले शोभा माय शे. तू शोभाबाईच म्हनशी. परीक्षकले बी मी त्याच दिनले बलावसू, चूक व्हवाले नको."

म्हणजे बघा. पोटची पोर, तिची हळद, आणि आईने, घरचाच मांडव म्हणून पिकअपऐवजी मागच्या भुशाच्या खोलीत माइकपुढे बसून, दुसरीला आई म्हणायचं.

हळदीच्या दिवशी परीक्षक म्हणून आले ते उमाकांतबुवा, शहाद्याचे कीर्तनकार. कलावंताची पारख कलावंतानेच करावी अशी त्या योजनेची रीत होती. म्हणून स्वतः नोंदणी केलेले बुवा आता इतरांना गुण द्यायला निघाले होते. सज्जन माणूस. त्यांच्या कीर्तनात मी कितीदा डोळे पुसले आहेत. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

"बुवा, बठा ना. च्या लेशात?" मगनने खुर्ची पुसली.

बुवांनी चहा घेतला, मांडीवर गुणांचा कागद ठेवला. मांडवात पाटावर रविना बसली होती, समोर शोभाबाई नि तिच्या सोबतिणी. गाणं सुरू झालं आणि बुवांची पेन्सिल थांबली. काय तो गळा! वर जाताना कापत नव्हता, खाली येताना सांडत नव्हता. चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाला तो गळा अंगावर काट्यासारखा आला.

तेवढ्यात हळदीची पूड शोभाबाईच्या घशात गेली. ती वाकून वाकून खोकायला लागली. गाणं मात्र एक मात्रा न चुकता चालूच! बायांनी पदर तोंडात कोंबले. बुवांनी पाहिलं, एक काळी वायर मांडवातून निघून मागच्या खोलीच्या दाराखालून आत गेली होती.

त्यांना कळलं. आणि कळूनही त्यांनी काय केलं? 'आवाज' या रकान्यात दहापैकी नऊ गुण लिहिले आणि खाली मान घातली. घरची रीत असेल, आपल्याला काय करायचंय! मायबाप, कसायाच्या सुरीपेक्षा सज्जनाची ही खाली मान अधिक कापते.

आता ते कडवं आलं.

"हिरवा मांडव दारमा व,
पहिली हयद कोन लाई व?
नवरीनी माय लाई व..."

शोभाबाईने खोकला आवरून माइक जवळ घेतला. तिच्या ओठांवर 'शोभाबाई' उमटलं. आणि स्पीकरमधून साऱ्या म्हसावदला ऐकू गेलं,

"शीलाबाई लाई व!"

पुन्हा तीच ओळ आली, आता आणखी वरच्या पट्टीत. "शीलाबाई लाई व!" मगनने धावत जाऊन वायर ओढली. स्पीकर मेला. पण गळा मेला नाही. भुशाच्या खोलीतून, विजेशिवाय, तोच आवाज येत राहिला, आणि मग खोलीचं दार उघडलं.

पांढऱ्या कपाळाची शीला मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. जवळच्या बायांनी लुगडी आवरून घेतली.

"आत जाय!" मगन ओरडला. "पोरनं वाटोळं करशी का?"

उमाकांतबुवा उठले. "मगनभाऊ, अर्जात ही बाई कुठं शे?"

"बुवा, ही आमना घरनी गोट शे."

"गळा हिना, नाव दुसरीनं. मी कलावंत शे, माले चोरी समजस."

मगन चवताळला. "चोरी? आन् तुमी? तुमना कीर्तनले आरतीनी येळ व्हयनी का तुमीच सांगतस ना, सवाशिणीसनी पुढे या म्हनीसन? कोनती रांडमुंड बाईना हातमा ताट दिधं तुमी आजलोंग? सांगा ना!"

बुवा पुन्हा खुर्चीत बसले. मगन खोटारडा असला तरी हे खरं बोलला होता.

शीला कोणासाठी थांबली नाही. ती सरळ चालत पाटाशी आली, वाटीत बोटं बुडवली. शोभाबाईने तिचं मनगट धरलं. तेव्हा रविना एवढंच म्हणाली, "मोठी माय, हात सोड. माले मन्ही माय लाई."

हात सुटला. शीलाने लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली. निम्म्या बाया उठून गेल्या. पाणवठ्यावर हसणारी धनुबाईही गेली.

बुवांनी नऊ गुणांवर काट मारली. पथकाच्या अर्जावर लिहिलं, 'या पथकाची खरी गायिका अर्जात नाही. शिफारस नाही.' मग शीलासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "ताई, पूर्ण नाव सांगा." तिने भर मांडवात सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि मगनच्या घरी न जेवता निघून गेले.

लग्न झालं. रविना सुखात आहे. आकाश काही कोसळलं नाही. पण पाठवणीच्या दुसऱ्याच दिवशी मगनने शीलाची पेटी घराबाहेर, ओट्याखाली टाकली. आता ती भाड्याच्या एका खोलीत राहते, कापूस वेचायला जाते. योजनेच्या समितीने बुवांना ऐकवलं की परीक्षकाने कलेपुरतं बोलावं. बुवा म्हणाले, "कला कोणाची, एवढंच बोललो." त्यानंतर त्यांच्या कीर्तनाला शीला आली होती. आरतीच्या वेळी बुवा ताट घेऊन गर्दीतून चालत मागे, तिच्यापर्यंत गेले आणि ते तिच्या हातात देऊन म्हणाले, "माझ्याकडून उशीर झाला." काही गावांनी त्यानंतर त्यांना बोलावणं बंद केलं. बुवांनी ताट बंद केलं नाही.

आणि शीलाने स्वतःच्या नावाने नोंदणीचा अर्ज केला. तो अडला आहे. का अडला, ऐका. अर्जात कार्यक्रमांचे पुरावे मागतात. फोटो, पत्रिका, कात्रणं. बारा वर्षं ती गायली, शेकडो मांडवांत गायली, आणि एकाही फोटोत ती नाही! आम्हीच तिला ताडपत्रीमागे बसवलं आणि आता आम्हीच विचारतो, बाई, तू होतीस याला पुरावा काय?

पुरावा तुम्ही आहात. म्हसावदपासून अक्कलकुव्यापर्यंत ज्यांच्या घरी त्या स्पीकरवर हळद लागली, त्यांच्या कानात तो पुरावा आहे. बुवा गावोगाव फिरून साक्षीची पत्रं गोळा करताहेत. आजवर सात मिळाली. लोक म्हणतात, गळा आठवतो, पण सही नको.

तेव्हा मायबाप, एवढी विनवणी ऐका. उठून घरी जाल, तेव्हा लग्नाच्या अल्बमवरची धूळ झटका. फोटोत ज्या मांडवात तुम्ही हसताय, त्याच्या मागे एक बाई बसली होती. तिची आठवण ठेवा. तिचं नाव शीलाबाई. कागद घ्या आणि लिहा, आमच्या हळदीला ती गायली होती.