भिंगकाकांची फिरती खुर्ची

मित्रांनो, मी खुर्ची असले तरी एका जागी गप्प बसणे माझ्या हाडात नाही. मी फिरती खुर्ची आहे. जुनी, पण फिरती. कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग घातली, पायांना चाके लावली आणि एका कारागिराने मला गरकन फिरवून म्हटले, "हिच्यावर बसणारा सुखी होईल." त्याचे काय, तो सगळ्याच खुर्च्यांना तसे म्हणत असे.

तिथून मी एका छापखान्यात आले. औषधांच्या खोक्यात घालायची माहितीपत्रके तिथे छापत. माझ्यावर बसू लागले ते मुद्रितशोधक, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधणारे. हातात सदा भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. ते मजकूर खालून वर वाचत; शेवटची ओळ सर्वांत आधी. "वरून वाचलं की मन पुढे पळतं," ते सांगत, "खालून वाचलं की त्याला प्रत्येक पायरीवर पाय ठेवावाच लागतो." मालकीणबाई पाहुण्यांना कौतुकाने आमचे टेबल दाखवत. मीही पाठ ताठ करून घेई.

पुढे कामाचा ढीग वाढला आणि काका काटकसरीला लागले. आधी डब्याचा वेळ वाचवला. मग दुपारचा फेरफटका. मग भिंग ठेवून घटकाभर डोळे मिटत, तेही बंद. शेवटी खालून वाचणेही सोडले. एवढे सगळे वाचवले, पण डोके तेवढे खर्ची पडले. चहावर चहा आणि वर बिस्किटे. त्यांचा एक पाय सारखा हलत राही, त्यामुळे माझी चाके दिवसभर कुरकुरत. माझी गादी पोळीसारखी चपटी झाली. माणूस माझ्यावर हजर, मन मात्र गैरहजर.

व्हायचे तेच झाले. मुलांच्या औषधाच्या पत्रकात दुसऱ्याच औषधाच्या सूचना शिरल्या आणि खाली काकांची सही. यंत्रावरच्या माणसाने वेळीच पाहिले म्हणून निभावले.

मालकीणबाई टेबलापाशी आल्या. "काका, हे तुमच्या हातून गेलं."

"मी वाचलं होतं हो."

"डोळे फिरवले असतील. हे कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं, काका. पुन्हा असं झालं, तर तुम्ही घडीखात्यात पत्रकांच्या घड्या घाला. मजकूर मी दुसऱ्याकडे देईन."

घडीखात्यात काकांची थोरली बहीणच काम करत होती. ती आली आणि तिने मला सरळ ढकलत आपल्या कोपऱ्यात नेले.

"ताई, खुर्ची कुठे नेतेस?"

"डबा खा, अंगणाला फेरी मार, थोडा वेळ डोळे मिटून पड. मग मिळेल."

"मी काय शाळेतला पोरगा आहे?"

"शाळेतला पोरगा निदान मधल्या सुट्टीत उठतो."

कोपऱ्यात माझ्यावर तिची पिशवी ठेवली जाई. अपमानाने मी तळमळत असे. काकांचेही बरे नव्हते. पहिले काही दिवस चहा कमी झाल्याने डोके दुखे, आणि ते यंत्रापासून नळापर्यंत असे फिरत, जणू काही हरवले आहे. ताई मात्र बधली नाही. हळूहळू ते फळ सोलून खाऊ लागले, चालताना हात हलवू लागले. मला परत टेबलापाशी आणले गेले, आणि मजकूर पुन्हा खालून वर वाचला जाऊ लागला.

मग एका खोकल्याच्या औषधाचे पत्रक आले. कंपनीच्या प्रतीशी अक्षर न् अक्षर जुळत होते. यंत्र तयार, माणूस सहीसाठी उभा. काकांनी पेन उचलले, खाली ठेवले आणि उठले.

"आता कुठे निघालात?" मालकीणबाईंनी विचारले.

"फेरी मारून येतो. काहीतरी टोचतंय, पण दिसत नाही."

त्या वेळी मी किती कासावीस झाले! हे माघारी आले नाहीत, किंवा आले आणि तशीच सही केली, तर त्यांचे टेबल जायचे. पण ते भरभर आले आणि उभ्यानेच पानावर बोट ठेवले.

"वर लहान मुलांना चहाचा चमचा लिहिलंय. खाली तक्त्यात मुलांपुढेच जेवणाचा चमचा आलाय. दोन्हींतलं एकच खरं असणार."

"पण कंपनीनेच असं पाठवलंय."

"असू दे. विचारल्याशिवाय मी सही करणार नाही."

मालकीणबाईंनी फोन केला. पलीकडे बरीच धावपळ ऐकू आली. चूक कंपनीच्याच प्रतीत होती; तक्ता चुकला होता. छपाई थांबवली गेली. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "घडीखात्यात माणूस कमीच राहणार म्हणायचा."

ताई तिकडून म्हणाली, "आम्हाला नकोच तो. घड्या वाकड्या घालतो."

मित्रांनो, माझी गादी आता नवी शिवली आहे. तुमच्या घरीही खुर्ची असेल. तिला पुसा, चाकांना तेल द्या. आणि तिची खरी काळजी घ्यायची असेल, तर वेळेवर तिच्यावरून उठा. काका उठले की मी त्यांच्या धक्क्याने अर्धा फेरा फिरते आणि दाराकडे तोंड करून थांबते. ते जितके लांब जातात, तितकी मी इथे चुळबुळते. पण परत येऊन बसतात तेव्हा सगळे वजन एकदम माझ्यावर येते, शरीराचे आणि मनाचेही.