देवाची कोंबडी, राखण रेजिनाची

मी कोंबडी बोलतेय. हो, तीच, तुम्ही दुपारी जरा आडवे झालात की परसात कलकलाट करते ती. रागावू नका. अंडं घालणं म्हणजे काय खाऊ आहे? घातल्यावर चार घरांना सांगायला नको?

जन्म माझा कसालचा. बाजाराच्या दिवशी पाय बांधून मला पाटीत घातलं आणि एसटीत बसवून मालवणच्या वाटेवरच्या एका वाडीत आणलं. आणणारी रेजिना. बुटकी, गोल, बोलायला लागली की थांबायची नाही. आमचं दोघींचं तेवढ्यावरच जमलं.

तिचा नवरा कैतान. आंबे काढताना झाडावरून खाली आला आणि पाय मोडून बसला. तेव्हा रेजिनाने मला काखेत मारलं आणि वाडीच्या तोंडावर पांढरा खुरीस आहे, त्या क्रुसासमोर नेऊन उभी केली. म्हणाली, "देवा, हेका फेस्ताक आपल्या पायांनी हंयसर येवंदे. ही कोंबडी तुझी." वाडीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, असल्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामी येतात. झालं! त्या दिवसापासून मी देवाची.

दुसऱ्याच दिवशी मी अंडं घातलं. खाटेवरून कैतान ओरडला, "गो, माका अंड्याची पोळी कर!"

"ह्यां अंडां तुझां नाय, देवाचां."

"देवाक अंडी कित्याक होयी?"

"तेका नकोत, पण तो कोणाक तरी देतलो. मी मालकीण न्हय, राखणदारीण. तुझ्या पायासाठीच ही कोंबडी नवसाक बोललंय, इसारलंस?"

अंडं गेलं शेजारच्या मथुराआक्काकडे. म्हातारी खोकल्याने बेजार होती. रोजचं अंडं तिचं ठरलं. चार दिवसांत तिच्या आवाजात जोर आला आणि ती सुनेवर ओरडायला लागली. सून तेवढी माझ्यावर नाराज.

पण रेजिनाला मुंगसाची भीती बसली. देवाची वस्तू गेली तर त्याला तोंड काय दाखवू? म्हणून तिने मला पाटीखाली झाकलं आणि वर पाटा ठेवला. दाणा आत, पाणी आत. ऊन नाही, माती उकरायला नाही. मी वाळले. अंडी बंद. मथुराआक्काचा खोकला परत आला. रेजिना मात्र रोज पाटी उचलून बघायची आणि म्हणायची, "आसा बाय, सुखरूप आसा!"

एकदा पाद्रीबाब कैतानला बघायला आले. वसईकडचे, बोलणं शहरातलं. पाटीखालून माझा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"देवाची कोंबडी, पाद्रीबाब. राखलंय."

त्यांनी पाटा उतरवून पाटी उचलली. माझी दशा बघून हसायचं की रडायचं त्यांना कळेना. "रेजिनाबाई, उद्या देव विचारील, मी दिलं त्याचं काय केलंस? आणि तुम्ही सांगणार, पाटीखाली पुरलं होतं?"

रेजिनाने पाटा उचलून स्वयंपाकघरात नेला, तो परत आणला नाही.

मी जी सुटले! मातीत लोळले, वाळवी टिपली. थोड्या दिवसांत अंडीही सुरू झाली. काही दिली मथुराआक्काला, मग म्हटलं, आता आपलीही जात वाढली पाहिजे. काजूच्या बागेत पाचोळ्याखाली जागा शोधली आणि गुपचूप उबवायला बसले.

इकडे हाहाकार. बांधावर माझी दोन पिसं सापडली, म्हणजे मुंगसाने नेली, असं ठरलं. रेजिना जेवेना. फेस्त जवळ आलं. कैतान काठी घेऊन चालायला लागला होता. तो म्हणाला, "रडतंस कित्याक? कसालच्या बाजारातसून तशीच दुसरी हाडूया. देवाक काय कळता?"

"जेची कोंबडी तेकाच कळूचा नाय?"

फेस्ताच्या सकाळी ती नवं लुगडं नेसली आणि रिकामी पाटी घेऊन निघाली. खुरसासमोर उभं राहून सगळ्यांदेखत सांगणार होती, माझ्याच्यान राखवली नाही म्हणून. आणि तेवढ्यात अंगणात मी! मागे पिल्लांची ही लांब रांग!

रेजिनाने पाटी टाकली आणि मला उचललं. "गो रांडे, खंय होतंस?" एवढं गोड मला आजवर कोणी बोललं नाही.

कैतान काठी टेकत आणि आम्ही पाटीतून खुरसापाशी पोचलो. पाद्रीबाब म्हणाले, "नवस एकाच कोंबडीचा होता ना?"

"पिल्लां तिची, म्हणजे तेचीच."

तेव्हा ठरलं, पिल्लं वाडीतल्या घराघरांत राखायला द्यायची, आणि ज्यांची जगतील त्यांनी पुढच्या फेस्ताला एकेक आणायचं. माझा मात्र लिलाव पुकारला. एक खानावळवाला माझ्याकडे असा बघत होता, जणू मी रश्शातच उभी आहे. तो बोली वाढवत गेला. माझी पिसं उभी राहिली. शेवटी मागून एक काठी वर झाली. कैतान! मोबाइलसाठी साठवलेले पैसे त्याने माझ्यावर लावले. मी परत घरी.

पुढे महिनाभराने मी परत अंडं घातलं. कैतान म्हणाला, "आता मोल दिलंय. ह्यां अंडां माझां!"

"तुझां," म्हणत रेजिनाने तवा ठेवला.

त्याने अंडं हातात धरलं. मग खाली आपल्या पायाकडे बघत राहिला. "गो, ह्यो पाय तरी माझो खंय? तोय राखूकच दिलेलो मां?" आणि त्याच पायांनी मथुराआक्काच्या दारात गेला.

दुसऱ्या दिवशीच्या अंड्याची मात्र पोळी खाल्ली. मिटक्या मारत. खाऊ दे, आपला वरचा धनी काय कंजूष नाही.

आता मी म्हातारी झालेय. अंडी कमी, कलकलाट तेवढाच. जाता जाता एकच मागणं आहे बाबांनो. तुमच्याही घरात देवाने काहीतरी राखायला दिलेलं असणार. जरा बघा, त्याच्यावर पाटा तर नाही ना ठेवलात?